मावशींना दिसलेलं लग्न

चर्चमधली रविवारची उपासना संपली की मंडळी मागच्या दालनात चहाला जमत. बिस्किटांची थाळी हातोहात फिरत होती, तेवढ्यात मावशींनी ताईचा हात धरला आणि चार जणांना नव्हे, चाळीस जणांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हटलं, "पोरी, प्रभू माझ्याशी तुझ्याविषयी बोललाय."

थाळी होती तिथंच थांबली.

"तुझं लग्न दाखवलंय त्यानं मला. अगदी लख्ख दाखवलंय. आणि कुणाशी, तेही दाखवलंय."

ताईच्या तोंडात बिस्किट होतं. ते धड गिळवेना, धड बाहेर काढवेना. मावशींनी हनुवटीनं दालनाच्या दुसऱ्या टोकाकडे खूण केली. तिथं एक उंच, जरा वाकलेला गृहस्थ खुर्च्या एकावर एक रचून ठेवत होता. गेल्या वर्षीच या मंडळीत आला होता. इमारतींच्या लिफ्ट दुरुस्त करायचा, म्हणून सगळे त्याला लिफ्टवालेच म्हणत. बायको वारलेली, एक शाळकरी मुलगी, गाताना आवाज खर्जातला आणि बोलणं अगदी मोजकं. मावशींचं बोलणं त्याच्या कानावर गेलं की नाही, कळायला मार्ग नव्हता. पण हातातली खुर्ची बराच वेळ अधांतरीच राहिली.

"आमेन," कुणीतरी म्हणालं. मग आणखी कुणीतरी. ताईच्या अंगावर काटा आला, आणि तो काही आनंदाचा नव्हता.

ताई ही आता कुणा एकाची ताई राहिली नव्हती. धाकटा भाऊ ताई म्हणायचा म्हणून आई म्हणायला लागली, मग बाबा, मग शेजारी, आणि आता ती काम करायची त्या दातांच्या लॅबचे मालकसुद्धा ताईच म्हणत. तिचं काम कवळ्या बनवण्याचं. डॉक्टरांकडून जबड्यांचे ठसे यायचे, त्यात प्लास्टर ओतून ती साचे काढायची, साच्यावर मेणाच्या हिरड्या चढवायची आणि बत्तीवर तापवलेल्या सुरीनं त्यात एकेक दात बसवायची. चाळिशीला टेकली होती. लग्नाच्या वयात आईचं दुखणं निघालं. आई गेली तोवर स्थळं यायची थांबली होती. आणि पुढे एक दिवस तिच्या ध्यानात आलं की त्याचं वाईट वाटायचंही थांबलंय. सकाळी बाबांबरोबर चहा, दिवसभर मेण आणि दात, संध्याकाळी चर्चमध्ये गाण्याचा सराव. तिचं बरं चाललं होतं. खरं तर फारच बरं चाललं होतं, पण हे चारचौघांत बोलायची तिला चोरी वाटे. एकट्या बाईनं सुखात आहे म्हटलं की लोक तिच्याकडे जास्तच दयेनं बघतात.

आणि मावशी म्हणजे कुणी ऐरीगैरी बाई नव्हती. मंडळीत उपासना चालवणाऱ्या पाळकांच्या खालोखाल मान त्यांचा. माणसं आजारी पडली की औषध डॉक्टरांना विचारत, पण बरं वाटेल का, ते मावशींना. ताईच्या भावाला नोकरी लागेल, असं त्या ठामपणे म्हणाल्या होत्या, लागली. त्याला मुलगी होईल म्हणाल्या, झाली. अशा बाईनं भर दालनात देवाचं नाव घेऊन सांगितल्यावर नाही म्हणायचं तरी कुणाला? मावशींना, की देवाला? ताईच्या घशाशी बिस्किट अडकलं होतं ते उगाच नाही.

बातमी तिच्या आधी घरी पोचली. गुडघ्यामुळे बाबा त्या दिवशी उपासनेला आले नव्हते, पण फोनला गुडघे नसतात. ताईनं चप्पल काढायच्या आत ते दारात हजर.

"खरं का गं?"

"काय खरं?"

"आता मलाच विचार! अख्ख्या मंडळीला ठाऊक आहे." बाबांचे डोळे भरून आले होते. सगळं आयुष्य त्यांनी छापखान्यात काढलं होतं, यंत्रांच्या खडखडाटात. त्यामुळे हळू बोलणं त्यांना कधी जमलंच नाही. "मी रोज हेच मागत होतो. माझ्यामागं तुझं कोण, हा घोर लागला होता. त्यानं ऐकलं बघ! लिफ्टवाले माणूस चांगला आहे. नाकासमोर चालणारा आहे."

ताई "हो" म्हणाली. माणूस चांगला आहे, एवढ्यापुरतंच म्हणाली. पण बाबांनी ते सगळ्यालाच धरलं आणि शीळ घालत चहाचं आधण ठेवायला गेले.

संध्याकाळी ती खोलीचं दार लोटून खाटेच्या कडेला बसली आणि डोळे मिटले. "प्रभू, तुझी इच्छा असेल तर होऊ दे," ती म्हणाली. शब्द तोंडातून निघाले आणि ते ऐकले जातील या भीतीनं ती दचकली. लहानपणापासून तिच्या मनात एक गोष्ट पक्की बसली होती. कुणी मुद्दाम शिकवली नव्हती, पण बसली होती. ती अशी, की आपल्याला जे नको असतं नेमकी तीच देवाची इच्छा असण्याचा संभव जास्त. औषध कडू असतं तसं. तेव्हा हे लग्न तिला इतकं नको वाटत होतं, म्हणजे ते देवाकडूनच असणार, असा तिचा हिशेब निघाला आणि ती आणखीच घाबरली.

तेव्हाच तिच्या मनात लिफ्टवाल्यांविषयी एक साधा विचार आला. त्यांनाच विचार की.

एवढाच. कुठं लखलखाट नाही, अंगावर रोमांच नाहीत; दुधाची पिशवी आणायची राहिली हे आठवावं, तसा आला. ताईनं तो लगेच झटकून टाकला. देव काय असं बोलतो? हा आपलाच पळपुटेपणा. आणि बाईमाणसानं आपण होऊन जाऊन असं विचारायचं म्हणजे लोक तोंडात शेण घालतील.

मग सुरू झाला खुणा शोधायचा आठवडा.

सोमवारी कामावर जाताना तिनं ठरवलं, चौकात सिग्नल हिरवा मिळाला तर हो, लाल मिळाला तर नाही. चौकात पोचली तर सिग्नलच बंद. पोलीस मधोमध उभा राहून चारी दिशांना एकदम हात करत होता आणि कुणीच हलत नव्हतं. मंगळवारी सकाळी तिनं डोळे मिटून पवित्र शास्त्र उघडलं आणि पानावर बोट ठेवलं. उपासनामंडपाच्या पडद्यांची लांबी, रुंदी आणि ते अडकवायच्या आकड्यांची संख्या निघाली. दुसऱ्यांदा उघडलं तर कुणाला कोण झाला, त्याला कोण झाला, अशी वंशावळ. यात काही संकेत असेल का, म्हणून तिला घाम फुटला. तिसऱ्यांदा बोट पडलं ते कोऱ्या पानावर, दोन भागांच्या मधल्या. त्या कोऱ्या पानाकडे ती इतका वेळ बघत राहिली की बाबांनी बाहेरून हाक मारली, "अगं, पान पाठ करतेस का?"

त्यांनाच विचार की, पुन्हा मनात आलं. पुन्हा तिनं ते बाजूला सारलं.

लॅबमध्ये तर आनंदच होता. तिनं एका म्हाताऱ्या वकिलांच्या कवळीत डावीकडचा सुळा उजवीकडे बसवला. मालकांनी ते मेण उजेडात धरून पाहिलं. मालक चर्चला जाणारे नव्हते, कुठंच जाणारे नव्हते, पण माणूस मायेचा होता.

"ताई, तब्येत बरी आहे ना? वकीलसाहेब हे घालून कोर्टात उभे राहिले तर समोरचा न बोलताच खटला सोडून पळेल."

"माफ करा. आत्ता बदलते."

"बदला सावकाश. पण जे काय डोक्यात आहे ते आधी काढा बाहेर. दात मागाहून बसवू."

त्या दुपारी ताईनं अर्ध्या दिवसाची रजा घेतली आणि थेट पाळकांच्या घरचा रस्ता धरला.

पाळक घरी नव्हते. पाळकबाई स्वयंपाकघराच्या टेबलाशी मटार सोलत बसल्या होत्या. पंचावन्न-साठीच्या, अंगानं बारीक, आणि मंडळीतल्या बायकांच्या तीस-एक वर्षांच्या कुरबुरी ऐकून कान तयार झालेले. त्यांनी ताईकडे एकदा पाहिलं आणि शेंगांचा अर्धा ढीग तिच्यापुढं सरकवला.

"बस. सोल. हात चालू असले की तोंड चालतं."

ताईनं सगळं सांगितलं. सिग्नल, पडदे, कोरं पान, उजवा सुळा. पाळकबाईंनी हसू दाबायचा प्रयत्न केला, पण एक मटार त्यांच्या हातून उडालाच.

"हसताय तुम्ही. माझा इथं जीव जातोय."

"अगं, तुला नाही हसत. बरं, मला एक सांग. मावशी असं बोलल्या नसत्या, तर तू त्या लिफ्टवाल्यांशी लग्न केलं असतंस?"

"स्वप्नातही नाही."

"मग आता का करणार?"

"देवानं सांगितलं म्हणून."

"कुणाला सांगितलं?"

"मावशींना."

"आणि लग्न कोण करणार? मावशी?" पाळकबाईंनी एक शेंग चटकन उकलली. "हे बघ, देवाला तुझ्याशी बोलायचं असेल ना, तर तुझा पत्ता त्याला ठाऊक आहे. दुसऱ्याच्या तोंडूनही तो बोलतो, नाही असं नाही. पण तेव्हा ते ऐकून आपल्या आत कुठंतरी हो म्हटलं जातं. आवडो न आवडो, पण ओळख पटते. तुझी पटली का?"

ताईनं विचार केला. "नाही. मला नुसती भीती वाटली."

"भीती मेंढ्या हाकायच्या काठीसारखी असते. मेंढपाळ पुढं चालतो, मागून हाकत नाही."

"पण भावाची नोकरी? भाचीचा जन्म? ते तर खरं निघालं की."

"नोकरीचं मला ठाऊक नाही. तेव्हा खरंच काही कळलं असेल त्यांना, मी कोण नाही म्हणणारी? पण भाचीचं म्हणशील तर," पाळकबाई म्हणाल्या, "मुलगा की मुलगी, दोनातलं एक तर होणारच होतं."

आता ताईलाही हसू आलं, त्या आठवड्यातलं पहिलं.

"प्रार्थना करायला लागलं म्हणजे विचार करायचं सोडून द्यायचं, असं कुणी सांगितलं तुम्हा लोकांना, देव जाणे," पाळकबाई पुढं म्हणाल्या. "तू त्यांना विचारलंस का? लिफ्टवाल्यांना?"

ताईचा हात शेंगेवरच थांबला. "हेच... हेच माझ्या मनात येत होतं. रविवारपासून. दोनदा, तीनदा. मला वाटलं, हे कसलं मार्गदर्शन? इतकं साधं."

"साधं म्हणून टाकून दिलंस?"

"हो."

पाळकबाई उठल्या. त्यांनी खिडकीतून बोट केलं. "वाचनालयाच्या मागची इमारत. तिथली लिफ्ट बंद आहे, ते तिथंच सापडतील. सकाळी आमच्याकडे येऊन गेले ते." आणि ताईनं तोंड उघडायच्या आत हात वर केला. "का आले होते ते मला विचारू नकोस. मी पाळकाची बायको आहे, मला काहीही ठाऊक नसतं. जा आता. मटार मी बघते."

इमारत पाच मजल्यांची, जुनी. तळमजल्यावर लिफ्टचं दार उघडं होतं, आत माणसं नेणारा पाळणा नव्हता, आणि खालच्या खड्ड्यातून फक्त एक डोकं आणि दोन खांदे वर आलेले दिसत होते. कपाळावर दिवा बांधलेला. जिन्याच्या पायरीवर भाजीची पिशवी घेऊन एक आजी बसल्या होत्या.

"पाचवा मजला माझा," त्यांनी ताईला न विचारताच सांगितलं. "हा म्हणतो, होईल आज. रोजच आज म्हणतो."

डोकं वळलं. दिव्याचा झोत ताईच्या तोंडावर पडला आणि लगेच खाली गेला. लिफ्टवाले खड्ड्यातून वर आले, हात चिंध्यांना पुसले, पुसलेले पुन्हा पुसले.

"जरा बोलायचं होतं," ताई म्हणाली.

"हो. या ना. म्हणजे, बसा." बसायला दुसरं काही नव्हतं, म्हणून ते दोघंही जिन्यावरच बसले, आजींच्या चार पायऱ्या वर. ताईनं वाटेत तयार केलेलं सगळं भाषण कुठल्या कुठं गेलं.

"मावशी जे म्हणाल्या," तिनं सुरुवात केली, "ते तुम्हाला... म्हणजे प्रभूनं तुम्हाला स्वतःला काही सांगितलंय का?"

लिफ्टवाल्यांनी उलट विचारलं, "तुम्हाला?"

"मी आधी विचारलं."

त्यांनी हातातला पाना उलटापालटा केला. "मावशी माझ्याकडे तुमच्याआधीच येऊन गेल्या होत्या. घरी. म्हणाल्या, त्यानं दाखवलंय, आता आज्ञा मोडू नका. तेव्हापासून मी प्रार्थना करतोय. ताई, तुम्ही फार चांगल्या आहात. मला तुमच्याविषयी आदर आहे. हे आधी सांगतो, म्हणजे पुढचं जरा..."

"पुढचं काय?"

"मला लग्न नाही करायचं."

लगेच लिफ्टवाले घाईघाईनं म्हणाले, "कुणाशीच नाही. निदान आत्ता तरी नाही. सकाळी मुलीची वेणी घालताना मी अजूनही तिच्या आईच्या नावानं हाक मारतो, रबर कुठं ठेवलंस म्हणून. मग मुलगीच मला रबर आणून देते. काही म्हणत नाही बिचारी. अशा घरात दुसऱ्या बाईला आणायचं म्हणजे... पण देवाला नाही कसं म्हणायचं? तेव्हा ठरवलं होतं, तुम्ही हो म्हणालात तर मुकाट्यानं उभं राहायचं."

"आणि मी ठरवलं होतं," ताई सावकाश म्हणाली, "की तुम्ही हो म्हणालात तर मुकाट्यानं उभं राहायचं."

त्यांनी मान वर केली. "म्हणजे तुम्हालाही नको आहे?"

"मुळीच नको आहे."

"मी तुम्हाला आवडत नाही?"

"त्या अर्थानं अजिबात नाही."

"प्रभूचे आभार!" लिफ्टवाले इतक्या मनापासून आणि इतक्या खर्जात म्हणाले की आवाज वरच्या मजल्यापर्यंत घुमला. आणि मग ताईला जे हसू फुटलं ते आवरेचना. लिफ्टवालेही हसायला लागले. हसता हसता त्यांनी चिंधीनं डोळे पुसले आणि गालभर ग्रीस फासून घेतलं. ते पाहून ताई आणखी हसली. रविवारपासून छातीवर ठेवलेला दगड कुणीतरी उचलून बाजूला ठेवला होता.

हसू ओसरलं तेव्हा दोघंही जरा गंभीर झाले.

"कल्पना करा," लिफ्टवाले म्हणाले, "आपण दोघं विचारायला घाबरलो असतो तर? वेदीसमोर उभे राहिलो असतो. तुम्ही माझ्यामुळे, मी तुमच्यामुळे, आणि दोघंही त्याच्या नावावर."

"आणि तो वर कपाळाला हात लावून बसला असता," ताई म्हणाली.

"मला पाळकांनी आज सकाळी सांगितलं, जाऊन ताईंना विचारा. मी म्हटलं, लिफ्ट झाली की जातो." ते ओशाळले. "खरं सांगू? ही लिफ्ट सोमवारीच झाली असती. मीच काढतोय आणि लावतोय. झाली असती तर तुमच्याकडे यावं लागलं असतं."

"ऐकलं का!" खालून आजी कडाडल्या. "सोमवारीच! आणि मी इथं पाच पाच मजले चढतेय!"

त्या संध्याकाळी आजी लिफ्टनं घरी गेल्या.

राहता राहिल्या मावशी. त्यांना कुणी सांगायचं यावर ताई आणि लिफ्टवाले यांच्यात बरीच घासाघीस झाली आणि शेवटी दोघांनी मिळून जायचं ठरलं. पण तशी वेळ आलीच नाही. दुसऱ्या दिवशी मावशी आपण होऊन लॅबमध्ये आल्या, तोंडाला रुमाल लावून. नाश्त्याला कडक टोस्ट खाताना त्यांची कवळी मधोमध दुभंगली होती. मालकांनी त्यांना ताईच्या टेबलाशी खुर्ची दिली आणि स्वतः ठसे धुवायला मागे गेले.

ताईनं दोन तुकडे हातात घेतले, कडा जुळवून पाहिल्या. "होईल. पण वेळ लागेल, बसावं लागेल."

मावशींनी मान हलवली. दातांशिवाय त्यांचा चेहरा आत ओढल्यासारखा दिसत होता. दालनात ज्यांच्या आवाजानं थाळी थांबली त्या याच, असं सांगून कुणाला खरं वाटलं नसतं. ताईनं बत्ती पेटवली. मेणाचा थेंब जोडावर सोडता सोडता ती म्हणाली, "मावशी, आम्ही दोघं बोललो. आमचं लग्न होणार नाही. त्यांनाही नको आहे, मलाही नको आहे."

रुमाल खाली आला. "पण प्रभूनं..." मावशींचे शब्द ओठातून हवेसारखे निसटत होते.

"मावशी," ताई म्हणाली. कठोर बोलायचं तिनं ठरवलं नव्हतं, पण बोलल्यावाचून राहवेना. "आई गेली तेव्हा मी देवावर रागावले होते. पण मला त्याची भीती नव्हती वाटली. या आठवड्यात वाटली. त्याचं नाव घेऊन तुम्ही सांगितलंत, आणि मला तो कुणी सावकार असावा तसा वाटायला लागला. माझं सुख बघून दारात उभा राहिलेला. तुम्हाला खरंच दिसलं होतं का काही?"

मावशींनी बत्तीच्या ज्योतीकडे नजर वळवली. मग त्यांनी मान हलवली. नाही.

"लिफ्टवाल्यांची ती मुलगी दालनात एकटी बसलेली असते," त्या म्हणाल्या. "तू बाबांचा हात धरून चालतेस. मनात आलं, किती छान होईल. बस्स. मग प्रार्थनेला बसले की तेच मनात. वाटलं, त्यानंच घातलं असेल."

"घातलंही असेल. पण मग 'मला वाटतं' म्हणायचं होतं."

"'मला वाटतं' म्हटल्यावर म्हातारीचं कोण ऐकतं गं?" मावशींच्या डोळ्यांतून पाणी वाहू लागलं. "तुझ्या भावाच्या वेळी खरंच कळलं होतं, आतून. मी खोटं नाही बोलत. पण तेव्हापासून जो येतो तो विचारतो, मावशी, प्रभू काय म्हणाला? आणि तो कधी कधी काहीच म्हणत नाही. कित्येक महिने गप्प असतो. समोर आई बसलेली असते, आजारी लेकराची. तिला रिकाम्या हातानं परत कसं पाठवू? मग मी काहीतरी सांगते. आणि घरी येऊन घाबरत बसते, खरं होईल की नाही म्हणून."

ताईनं सुरी खाली ठेवली. हे तिला ठाऊक नव्हतं. मंडळीतल्या कुणालाच ठाऊक नव्हतं. सगळे आपापली भीती मावशींच्या पदरात टाकून हलके होऊन जात होते आणि ही बाई ते सगळं एकटी घेऊन बसत होती.

"पुढच्या वेळी सांगा, तो काही बोलला नाही," ती म्हणाली.

"आणि मग?"

"मग काही नाही. त्या आईजवळ बसून राहा."

"नुसतं बसायचं?"

"नुसतं बसायचं. आई आजारी होती तेव्हा तुम्ही आमच्याकडे येऊन बसायचात. काय बोलायचात ते मला एक अक्षर आठवत नाही. बसायचात ते आठवतं."

मावशींनी रुमालानं तोंड, डोळे, नाक सगळंच पुसलं. मग एक मोठा श्वास सोडला, बाजारातून आणलेलं ओझं उंबऱ्याशी ठेवताना सोडतात तसा. "क्षमा कर मला, पोरी."

"केली."

कवळी तयार झाली तेव्हा मावशींनी ती तोंडात बसवली, दोनदा दातावर दात आपटून पाहिले, आणि त्यांच्यात जुनी मावशी परत आली. "घट्ट बसली. आता त्या लिफ्टवाल्याला वेणी घालायला कोणीतरी शिकवलं पाहिजे. रविवारी बघितली मी त्या मुलीची वेणी, दोरखंड परवडला. उद्या जाते त्यांच्याकडे." दारापर्यंत जाऊन त्या वळल्या. "आणि हे प्रभूनं वगैरे काही सांगितलेलं नाही हं. हे आपलं माझं मलाच वाटलं."

ऐकणाऱ्याला वाटेल, आता पुढेमागे या दोघांचं जमेल. नाही जमलं. लिफ्टवाले खर्जात गात राहिले, ताई दात बसवत राहिली, भेटले की एकमेकांकडे बघून गालातल्या गालात हसत, एवढंच. मंडळीत चार दिवस कुजबुज झाली, मग कुणाच्या तरी घराच्या छपराचा विषय निघाला आणि लोक हे विसरले.

बाबांना सांगणं मात्र सोपं गेलं नाही. मावशी लॅबमध्ये येऊन गेल्या त्याच संध्याकाळी जेवताना ताईनं सगळं सांगितलं. बाबांचा घास हातातच राहिला.

"म्हणजे नाही?"

"नाही, बाबा."

त्यांनी घास ताटात परत ठेवला. एरवी घर दणाणून सोडणारा माणूस. त्यांचं ते हळूच घास ठेवणं ताईला टोचलं.

"मला वाईट वाटलं," ते म्हणाले. "खोटं कशाला बोलू? मला फार वाटत होतं."

"मला ठाऊक आहे."

"पण तू आठवडाभर घरात अशी फिरत होतीस, जणू काही तुला फाशीची तारीख मिळाली आहे. मला दिसत होतं. मी म्हणत होतो, लाजत असेल." त्यांनी पाण्याचा घोट घेतला. "आज तू जिना चढताना गात आलीस. ते मी ऐकलं."

"माझ्यानंतर तुझं कोण, हा तुमचा घोर?"

"तो आहेच. तो कुठं जातोय? पण त्याचं काय करायचं ते मी आता तुझ्या नवऱ्यावर नाही, त्याच्यावरच सोपवीन म्हणतो." बाबांनी वर बोट केलं आणि मग तेच बोट वाडग्याकडे वळवलं. "ते सूप संपव. गार होतंय."

जेवणं आटोपल्यावर ताई खोलीत आली. खाटेच्या कडेला बसून तिनं डोळे मिटले. आठवडाभर तोंडात घोळलेलं ते वाक्य आपोआप ओठांवर आलं. तुझी इच्छा असेल तर होऊ दे. या खेपेला ती दचकली नाही. पुढं काय होऊ दे, ते तिला ठाऊक नव्हतं आणि ठाऊक असायची घाईही नव्हती. बाहेर बाबा कुणालातरी फोनवर, अर्थातच ओरडून, सांगत होते की नाही हो, काही ठरलं नाही, आणि आमचं उत्तम चाललंय. ताईला हसू आलं. मागायचं काही सुचेना, म्हणून ती नुसतीच बसून राहिली, मग जरा आडवी झाली, आणि आमेन म्हणायच्या आत तिला गाढ झोप लागली.